मेपल म्हणजे रंग नव्हे!

मंडळी, गेले तीन आठवडे इथे काही लिहिले नव्हते. एक तर गुडघे, आणि दुसरे म्हणजे लिहावे असे काही सुचत नव्हते. आता सुचले आहे, पण ते भांडण आहे. ज्यांना आठवणींचे, शांतपणे वाचायचे काही हवे असेल त्यांनी पुढच्या लेखापर्यंत थांबावे.

भांडण 'मेपल' या शब्दावरून आहे. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी नव्या फ्लॅटमध्ये मुलीच्या खोलीसाठी कपाट घेतले. दुकानातल्या पाटीवर 'मेपल वॉर्डरोब', बिलावरही तेच. पावसाळ्यात खिडकीतून थोडी ओल आली, फरशी पुसताना पाणी लागायचे ते लागलेच, आणि दिवाळीपर्यंत कपाटाचा तळ फुगून वर आला. कडेची पातळ पट्टी सुटली आणि आत दिसल्या त्या गोंदाने दाबून बसवलेल्या लाकडाच्या ढलप्या आणि भुसा. भाचा बिल घेऊन दुकानात गेला, तर तिथल्या माणसाने त्यालाच समजावले, "साहेब, मेपल म्हणजे शेड. मटेरियल वेगळं असतं." भाच्याने हे मला फोनवर हसत हसत सांगितले. मला काही हसू आले नाही. चौतीस वर्षे मुलांना नाम आणि विशेषण यांतला फरक शिकवला. मेपल हे नाम आहे, एका झाडाचे. दुकानदाराने त्याचे विशेषण केले आणि त्या उलाढालीत झाड नाहीसे झाले!

'मावशी, एवढं काय त्यात' असे म्हणणाऱ्यांसाठी आधी मेपल म्हणजे काय ते सांगते. माझी लेक मिशिगनला असते. जावईबापूंना सुतारकामाचा नाद आहे. त्यांच्या गराजमध्ये गाडी बाहेर बर्फात उभी असते आणि आत रंधे, करवती, फळ्या. दोन हिवाळे मी तिथे शेगडीपाशी स्टूल टाकून बसले आहे आणि शिक्षकी सवयीने प्रश्न विचारले आहेत. पुढे जे लिहिते आहे त्यातले बरेचसे तिथे ऐकलेले, पाहिलेले आणि नंतर वाचून पडताळलेले आहे.

मेपलच्या शंभराहून अधिक जाती आहेत. हिमालयातही काही आहेत. पण लाकूडकामात ज्याला 'हार्ड मेपल' म्हणतात तो मुख्यतः शुगर मेपल, कॅनडाच्या पूर्व भागातला आणि अमेरिकेच्या ईशान्येकडचा. ज्याचा रस आटवून पाक करतात तोच हा. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक हाती येतो. कॅनडाच्या झेंड्यावर १९६५ पासून जे पान आहे ते मेपलचेच. आपल्याकडची माणसे काश्मीरला जाऊन येतात आणि चिनारच्या पानाचे फोटो 'मेपल' म्हणून पाठवतात. चिनार वेगळा. पाने दिसायला सारखी, पण मेपलची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात आणि चिनारची एकाआड एक. मेपलचे खरे नातेवाईक आपल्या अंगणातच आहेत. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात मेपल, रिठा, लिची आणि आपला कोशिंब ही सगळी एकाच कुळातली.

आता 'हार्ड' या शब्दाकडे येऊ, कारण दुकानातली पुढची फसगत तिथे असते. 'हार्डवुड' म्हणजे कठीण लाकूड, असे आपण सरळ भाषांतर करतो. तसे ते नाही. रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ते हार्डवुड, आणि पाइन-देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवुड. खेळण्यातली विमाने करतात तो कापसासारखा हलका बाल्सासुद्धा शास्त्राच्या हिशेबात हार्डवुडच! तेव्हा नुसते 'हार्डवुड आहे' म्हणून कोणी सांगितले तर त्याने काहीच सांगितले नाही असे समजा.

लाकूड खरोखर किती कठीण ते मोजायची एक रीत आहे. गाब्रिएल यांका नावाच्या ऑस्ट्रियन माणसाची ती, १९०६ सालची. सव्वाअकरा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, ते मोजायचे. हार्ड मेपलला सुमारे १४५० पौंड लागतात. आपल्या सागाला हजाराच्या थोडे वर. अमेरिकेतल्या पांढऱ्या पाइनला चारशेसुद्धा नाहीत. आणि 'सॉफ्ट मेपल' म्हणून जे विकतात त्यातल्या रेड मेपलला साडेनऊशे, सिल्व्हर मेपलला सातशे. म्हणजे खरे मेपल घेतानासुद्धा नुसते 'मेपल' म्हणून भागत नाही. सातशे की साडेचौदाशे, हे विचारावेच लागते.

हा कठीणपणा कुठे कामाला येतो पाहा. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची मैदाने जवळजवळ सगळी हार्ड मेपलची. (बोस्टनच्या संघाचे मैदान तेवढे ओकचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची टंचाई होती तेव्हापासूनची ती परंपरा.) बोलिंगच्या खेळातले बाटलीसारखे पिन मेपलचे. पियानोची बाहेरची वळणदार चौकट मेपलचे पातळ थर एकत्र चिकटवून आणि वाकवून केलेली. खाटकाचा ठोकळा, बेकरीतले कणीक मळायचे टेबल, भाजी चिरायची फळी, लाटणे, ही सगळी मेपलची करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नमुना नियमावलीत उपाहारगृहांत लाकूड वापरायला सर्वसाधारण मनाई आहे, पण चिरायच्या फळ्यांना आणि अशा थोड्या वस्तूंना सवलत आहे. ती सवलत देताना नियमात लाकडाचे नाव घातले आहे: हार्ड मेपल किंवा तितकेच कठीण, दाट पोताचे लाकूड. सरकारी नियमात झाडाचे नाव! आणि आपल्याकडे तेच नाव छापील कागदाला.

दाट पोत म्हणजे काय तेही सांगते. ओकची फळी पाहिली तर तिच्यावर लांबट भोके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मेपलची छिद्रे अतिशय बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत येतो, खरकटे आत शिरायला वाव कमी, आणि लाकडाला स्वतःचा वास किंवा चव जवळजवळ नाही. सागाच्या फळीवर कांदा चिरून पाहा म्हणजे तेलकट वासाचा फरक कळेल. शिवाय सागात वाळूसारखे सिलिका असते, ते हत्यारांची धार घालवते.

पण याच बारीक पोतामुळे एक मोठा घोटाळा झाला. बेसबॉलची बॅट पूर्वी अ‍ॅश नावाच्या लाकडाची असे. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने मेपलच्या बॅटने एका मोसमात ७३ होमरन मारले आणि सगळ्यांना मेपल हवे झाले. मग बॅटी फुटू लागल्या, आणि फुटायच्या त्या भाल्यासारखे टोकदार तुकडे होऊन मैदानात उडायच्या. २००८ मध्ये चौकशी बसली. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेतल्या माणसांनी तुटलेल्या दोन हजारांहून अधिक बॅटी तपासल्या. मेपलची बॅट अ‍ॅशच्या तिप्पट प्रमाणात अशी तुकडे होऊन फुटते असे निघाले. बऱ्याच बॅटींत तंतू बॅटच्या लांबीशी सरळ नव्हते, तिरके होते. अ‍ॅशवर हा तिरकेपणा रेघांवरून डोळ्यांना दिसतो. मेपलवर दिसत नाही.

मग त्यांनी काय केले? बॅटच्या मुठीवर शाईचा एक थेंब टाकायचा. शाई तंतूंच्या वाटेने पसरते. तिची रेघ तीन अंशांपेक्षा तिरकी गेली की बॅट बाद. हा नियम आल्यावर पुढच्या काही वर्षांत अशा बॅटी फुटण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. मला या हकिकतीचे फार अप्रूप वाटते. लाकूड खरे होते, जात खरी होती, तरी त्यांनी नुसत्या नावावर विश्वास ठेवला नाही. शाई टाकून पाहिली.

आता कोणी म्हणेल, ही बाई मेपलची जाहिरात करते आहे. तर मेपलचे दोषही ऐका. मेपल कठीण आहे, पण टिकाऊ म्हणाल तर बाहेर उघड्यावर अजिबात नाही. पावसात, ओल्या मातीत ते लवकर कुजते, आणि वाळवीला तोंड देण्याची ताकद त्यात नाही. 'कठीण' आणि 'टिकाऊ' हे समानार्थी शब्द नव्हेत, हे मी पाचवीच्या मुलांनाही समजावले असते. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत मेपलची फळी रुंदीत सुमारे दहा टक्क्यांपर्यंत आकसू शकते, साग सहाच्याही आत. म्हणून खेळाच्या मैदानातसुद्धा भिंतीलगत फट सोडतात, नाहीतर दमट दिवसांत जमीन उचलून येईल. रंग द्यायला मेपल हट्टी. गडद रंग लावला की डाग डाग दिसतात. करवतीची धार गेली असेल तर कापलेल्या कडेवर जळल्याचे काळे पट्टे उमटतात. जावईबापूंनी अशा काळ्या कडा घासण्यात घालवलेल्या संध्याकाळी मी पाहिल्या आहेत.

आणि एक गंमत. सागात आपण गाभ्याचे लाकूड मागतो, बाहेरचा पांढरा भाग सुतार काढून टाकतो. मेपलमध्ये उलटे. तिथे बाहेरच्या पांढुरक्या भागाला मान, आणि आतला तपकिरी गाभा दुय्यम. म्हणजे एका झाडाचे शहाणपण दुसऱ्याला लावले तर नुकसान ठरलेले.

हे शहाणपण आपल्याकडे नव्हते असे नाही. औताला आणि गाडीच्या चाकाला बाभूळ, मुसळाला खैर, विहिरीच्या पाण्यात जांभूळ, तबल्याच्या खोडाला शिसव. मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर तुणीचे लाकूड घेतात, ते परवडते म्हणून नाही, त्याला नाद आहे म्हणून. व्हायोलिनमध्ये हेच काम दोन झाडे वाटून घेतात. वरची पाटी हलक्या स्प्रूसची, पाठ आणि कडा मेपलच्या. स्ट्रॅडिव्हरीनेही तसेच केले, आणि आज आपल्या मैफलीत जे चांगले व्हायोलिन वाजते त्याचीही पाठ बहुधा मेपलचीच असते. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेले. तिथे कोणी 'सागवान शेड चालेल' म्हटले नाही! देवाच्या दाराला झाड विचारायचे, आणि नातीच्या कपाटाला विचारायचे नाही, हे कसे?

आता माझ्याशी वाद घालणाऱ्यांचे मुद्दे घेते. घरातच दोन-तीन वकील आहेत.

पहिला मुद्दा: 'सगळ्यांना माहीत असतं की तो नुसता रंग आहे.' खरेच सगळ्यांना? भाचा इंजिनिअर आहे, त्याला माहीत नव्हते. आणि सगळ्यांना माहीत असेल तर 'फिकट पिवळसर' असे का लिहीत नाहीत? 'मेपल' लिहितात, कारण त्या शब्दाला झाडाची पत आहे. ती पत वापरायची आणि झाड द्यायचे नाही, याला व्यवहारात काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

दुसरा मुद्दा: 'खरं मेपल परदेशातून येतं, सामान्य माणसाला परवडणार आहे का?' नाही परवडणार, मान्य. पण मी खरे मेपल घ्या असे म्हणतच नाही. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो तो कागदाचाच प्रकार आहे. खाली राळेत भिजवलेल्या जाड कागदाचे थर, वर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि त्यावर मेलामाइनचे कठीण आवरण. ती काही वाईट वस्तू नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, रोज ओले फडके फिरते तिथे, चांगल्या प्लायवूडवर बसवलेला हा पत्रा उघड्या मेपलपेक्षा जास्त निभावेल. ज्याची जी किंमत ती त्याच्या नावाने घ्या, एवढेच माझे म्हणणे. सामान्य माणसाला परवडत नाही म्हणून त्याला खोटे सांगायची परवानगी मिळते, हा न्याय मला कधीच समजला नाही. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा घेण्याएवढे पैसे नाहीत त्याला तर पहिल्यांदाच खरे सांगायला हवे.

तिसरा मुद्दा नातीचा, आणि तो मला सगळ्यांत जड वाटतो: 'आजी, पण त्यामुळे झाडं वाचतात ना?' बाळा, काही प्रमाणात वाचतात. भुसा आणि ढलप्या वाया न घालवता त्यांच्या फळ्या करणे हे चांगलेच काम आहे. पण ती फळी तीन पावसाळ्यांत फुगून कचऱ्यात गेली, आणि तिच्या जागी दुसरी आली, तिसरी आली, तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल. माझ्या आजेसासूबाईंची सागाची पेटी अजून माझ्या पलंगाखाली आहे. तिच्यासाठी एकदाच झाड पडले. भुशाच्या फळीला कोरडी जागा दिली तर तीही पुष्कळ वर्षे टिकते. पण कोरडी जागा द्यायला ती भुशाची आहे हे आधी कळायला हवे ना? भाच्याला ते कळले असते तर त्याने कपाट खिडकीखाली ठेवले नसते, खाली चार इंची पाय लावून घेतले असते. खोट्या नावाने त्याचे पैसे तर गेलेच, आणि ती वस्तू जपण्याची संधीही गेली.

चौथा मुद्दा आमच्या वयाच्या मंडळींचा: 'सागवान असताना मेपलची चर्चा हवीच कशाला?' साग थोरच. पण सागाशिवाय सगळे रद्दी, ही आपली जुनी सवयच या फसवणुकीला वाट करून देते. दुसऱ्या लाकडांची ओळख करून घ्यायची आपल्याला गरज वाटली नाही. म्हणून कोणी इंग्रजी नाव उच्चारले की आपण गप्प बसतो.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा गप्प बसू नका. चार गोष्टी करा. पहिली, सरळ विचारा: घन लाकूड, प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा म्हणजे व्हिनीअर, की छापील पत्रा? तिन्ही विकायला हरकत नाही, पण उत्तर एका शब्दात मिळाले पाहिजे. दुसरी, फळीची कड पाहा. घन लाकडात वरच्या रेघा कडेवरून वळून टोकाच्या छेदात शिरतात. चिकटवलेली पट्टी असेल तर तिथे चित्र तुटते. तिसरी, दोन दारे शेजारी ठेवून नक्षी पाहा. एकच गाठ, तीच वळणे, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आली तर ते छापखान्यातून आलेले आहे. झाडाला इतके पाठांतर जमत नाही. चौथी आणि महत्त्वाची, आत काय आहे ते बिलावर लिहून घ्या. '२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा' दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल बोलतो, पण कायद्याला कागद लागतो. बिलावर नुसते 'मेपल' असेल तर वाद घालत बसाल. 'पार्टिकल बोर्ड, मेपल रंगाचा पत्रा' असे असेल तर निदान डोळे उघडे ठेवून घेतलेले असेल. आणि असे लिहून द्यायला दुकानदार नाही म्हणाला, तर तुमचे उत्तर तुम्हाला तिथेच मिळाले.

शाळेत मी मुलांना एक निबंध दरवर्षी द्यायचे, 'माझ्या घरातील एक वस्तू'. चौकटीतल्या सूचनेत लिहायचे, वस्तू कशाची केली आहे ते सांगा. लोखंडाची विळी, पितळेचा तांब्या, आंब्याच्या लाकडाचा पाट. मुले घरी जाऊन आजीला विचारून यायची. आज हा निबंध दिला तर मुले लिहितील, 'माझे टेबल मेपलचे आहे', आणि मला त्यावर लाल खूण करावी लागेल. चूक मुलांची नसेल, तरी.

असो. भाच्याच्या कपाटाचा तळ आमच्या ओळखीच्या सुतारमामांनी कापून काढला आणि खाली सागाची पट्टी लावून दिली. त्यांनी बिल दिले नाही, पण जाताना कोणी न विचारता म्हणाले, "ताई, हा साग जुन्या दाराचा आहे बरं, नवा नाही." कळवावे, वाद घालावा. चहा माझ्याकडे.

ता. क. लेकीचा फोन आला होता. जावईबापूंचे म्हणणे, सिल्व्हर मेपललाही आपली जागा आहे, मी त्याला फार खाली बसवले. बरोबर आहे त्यांचे. हलक्या सामानाला, खणाच्या आतल्या बाजूंना ते चांगले चालते. फक्त सिल्व्हर मेपल म्हणूनच विकावे.